कमाईची क्षमता मोजणे हे डॉक्टरचे काम आहे का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता):
नेदरलँड्समध्ये कर्मचारी आजारी पडला की साधारणपणे दोन वर्षे मालकालाच किमान ७० टक्के वेतन द्यावे लागते. त्यानंतर यूडब्ल्यूव्ही ही सरकारी संस्था त्याची तपासणी करते. किती वेळ बसता येते, किती वजन उचलता येते, लक्ष किती टिकते, एवढेच संस्थेचा विमा-वैद्य नोंदवतो. त्या मर्यादांत कोणती कामे जमतील आणि त्यांतून किती मिळकत होईल, हे श्रमतज्ज्ञ ठरवतो. मिळकतीतील घट ३५ टक्क्यांहून कमी भरली तर अपंगत्व भत्ता नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरने काम जमते की नाही याचे दाखले देऊ नयेत, अशी तेथील वैद्यक संघटनेची भूमिका आहे. मला ही विभागणी पटते, कारण दाखल्याची आस लागली की रुग्ण मोकळेपणाने बोलत नाही आणि डॉक्टरही नाही.

आडवाट:
मला पटत नाही. श्रमतज्ज्ञ दाखवतो ती कामे कागदावरची. त्या जागा प्रत्यक्षात रिकाम्या असण्याची अट नाही. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये आजारपणाचा भत्ता मागणाऱ्यांसाठी कार्यक्षमता चाचणी आली, तिचे कंत्राट अटॉस या खासगी कंपनीकडे होते आणि तपासणारी व्यक्ती अनेकदा परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट असे. अपिलात कितीतरी निर्णय फिरले आणि कंपनीने २०१५ मध्ये मुदतीआधीच काम सोडले. रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरला दूर ठेवले की असे होते.

उंबरठा:
निर्णय फिरले हे खरे, पण म्हणून सगळे डॉक्टरवर सोपवावे असे निघत नाही. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पूर्णतः अक्षम मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. हा निष्कर्ष जखमेवरून नव्हे, धंद्यावरून निघाला. मोटार अपघाताच्या राजकुमार खटल्यातही (२०१०) न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टरने शरीराच्या कायमच्या अपंगत्वाविषयी सांगावे. कमाईतील घट न्यायाधिकरण ठरवील.

आडवाट:
मग १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचे काय? ठरावीक इजांची टक्केवारी देणाऱ्या त्याच्या परिशिष्टात नसलेल्या इजेमुळे कमाईची क्षमता किती टक्के घटली, हे २०२५ पर्यंत लागू असलेला तो कायदा डॉक्टरलाच ठरवायला सांगत होता.

पाटीपेन्सिल:
अडचण नेमकी तिथेच आहे. अस्थिरोगतज्ज्ञाला खांदा किती अंशांत वळतो हे मोजता येते, पण तेवढ्या वळणात लेथ चालवता येईल का, हे त्याने कोणाला विचारावे? कागदावरच्या कामांबद्दलचा आपला आक्षेप मात्र मला मान्य आहे. निदान काही जागा खरोखर रिकाम्या असल्याचे दाखवण्याची सक्ती श्रमतज्ज्ञावर हवी.