जाहीरनाम्यांतील कर, कल्याणकारी योजना आणि रोजगार यांची तुलना कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या अभ्यासगटात निवडणुकीपूर्वी सर्व पक्षांचे जाहीरनामे शेजारी शेजारी ठेवून वाचायचे ठरले आहे आणि कर, कल्याणकारी योजना व रोजगार या तीन विषयांत कोणता पक्ष कोठे कमी पडतो याचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. टिपणाचा बराचसा भाग लिहून झाला आहे, पण एका ठिकाणी मी गेले दोन आठवडे अडले आहे. तेवढ्यासाठी हा धागा काढते आहे.

सोपा भाग आधी सांगते. करकपातीचे आश्वासन देणारे पक्ष महसुलाची तूट वाढत्या उद्योगधंद्यातून आपोआप भरून निघेल असे गृहीत धरतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये याच भरवशावर प्राप्तिकराचे दर उतरवले आणि अनेक व्यवसायांचे उत्पन्न करमुक्त केले. तिजोरीत खड्डा पडला आणि २०१७ मध्ये राज्यपालांच्याच (तेथे हे निवडून आलेले राज्यप्रमुख असतात) पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ती कपात बऱ्याच अंशी मागे घेतली. दुसऱ्या बाजूचे पक्ष प्रत्येक नव्या योजनेपुढे ‘श्रीमंतांवर कर’ एवढेच लिहून मोकळे होतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशांपैकी १९९० मध्ये १२ देशांत निव्वळ संपत्तीवर वार्षिक कर होता आणि २०१७ मध्ये असे देश फक्त ४ उरले होते. हा कर लावूच नये असे माझे म्हणणे नाही, परंतु इतक्या देशांनी तो का सोडला आणि आपण त्यातले काय टाळणार आहोत, याबद्दल जाहीरनाम्यात दोन ओळी तरी असायला हव्यात. त्या मला सापडल्या नाहीत.

आता अडचण. माझ्या ओळखीच्या एक बाई माल बांधणीच्या कामावर आहेत आणि त्यांच्या घराला उत्पन्नाच्या अटीवर शासकीय मदत मिळते. त्यांना जादा पाळीचे काम देऊ केले गेले तेव्हा त्यांनी मदतीच्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने हिशेब मांडला. एका रकान्यात जादा पाळीचे पैसे, दुसऱ्यात त्यावर कापला जाणारा कर, तिसऱ्यात मर्यादा ओलांडल्यामुळे पूर्ण बंद होणारी मदत आणि चौथ्यात त्या वेळेत मूल सांभाळणाऱ्या बाईंना द्यावे लागणारे पैसे. बेरीज उणे आली. त्यांनी पेन्सिलीने त्या आकड्याभोवती गोल केला, कागद घडी घालून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामाला नकार कळवला.

हा कागद पाहिल्यापासून सगळे जाहीरनामे मला वेगळे दिसू लागले आहेत. एक पक्ष म्हणतो की मदतीमुळे लोक आळशी होतात, म्हणून अटी कडक करू. दुसरा म्हणतो की मदतीची रक्कम वाढवू. त्या बाईंच्या चार रकान्यांना यांपैकी कोणाचेच उत्तर नाही. अटी कडक केल्या तर मर्यादा आणखी खाली येते, आणि मर्यादा तशीच ठेवून रक्कम वाढवली तर ती ओलांडताना होणारे नुकसान आणखी मोठे होते. कर एका प्रकरणात, कल्याण दुसऱ्या, रोजगार तिसऱ्या, आणि तिन्ही प्रकरणे जणू वेगवेगळ्या माणसांसाठी लिहिलेली. घरात मात्र ती तिन्ही एकाच कागदावर येतात. माझ्या मते सर्व पक्षांची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

मदत एकदम बंद न करता हळूहळू कमी करणे हा एक उपाय आहे, पण तोही वाटतो तितका सरळ नाही. ब्रिटनमध्ये अनेक योजना एकत्र करून २०१३ पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आणली गेली. त्यात ठरावीक मर्यादेनंतर हाती येणाऱ्या कमाईच्या ५५ टक्के इतकी मदत घटते. २०२१ च्या अखेरीपर्यंत हेच प्रमाण ६३ टक्के होते. कमावलेल्या जादा १०० पौंडांतून २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के राष्ट्रीय विमा (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) गेला की ७२ उरतात, आणि त्यांवर मदत घटल्यावर हाती सुमारे ३२ राहतात. मोठ्या पगारदाराच्या शंभरातील साठ-सत्तर पौंड सरकारने घेतले असते तर केवढा गहजब झाला असता, हा विचार मनातून जात नाही. अमेरिकेने १९७५ मध्ये सुरू केलेल्या कमाईवरील करसवलतीत आधी कमाईबरोबर मदत वाढते, मग स्थिर राहते आणि नंतर घटते. पण कमाईच नसलेल्या माणसाला त्यातून काही मिळत नाही.

आणखी एक गोष्ट टिपणात कोठे बसवावी हे कळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २०० कोटी कामकरी, म्हणजे ६० टक्क्यांहून अधिक, असंघटित क्षेत्रात आहेत. जाहीरनाम्यांतील ‘रोजगार’ मात्र नेमणूकपत्र असलेल्या नोकरीपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. ही माणसे कर भरत नाहीत असे सहज बोलले जाते, तेही खरे नाही, कारण प्रत्येक खरेदीवरचा अप्रत्यक्ष कर ती भरतच असतात.

नेदरलँड्समध्ये १९८६ पासून केंद्रीय नियोजन कार्यालय निवडणुकीपूर्वी पक्षांच्या आश्वासनांचा आर्थिक हिशेब मांडते आणि पक्ष त्यात स्वेच्छेने सहभागी होतात. आमच्या पाच जणांच्या गटाकडे ना तशी यंत्रणा आहे, ना पुरेशी आकडेवारी.

म्हणून जाणकारांना विनंती. चार-पाच नमुना कुटुंबे घेऊन प्रत्येक पक्षाच्या प्रस्तावाखाली जादा कमाईतले किती हाती उरते हे काढायचे झाल्यास कुटुंबे कशी निवडावीत, म्हणजे निवडीतूनच एखाद्या पक्षाला झुकते माप मिळणार नाही? मूल सांभाळण्याचा खर्च हिशेबात धरावा की तळटीपेत ठेवावा? माझा कल धरण्याकडे आहे, कारण त्या कागदावर बेरीज त्याच रकान्यामुळे उणे झाली होती. पण गटातील दोघांना त्यामुळे पक्षांची तुलना गढूळ होईल असे वाटते. आणि जो पक्ष मर्यादेचा आकडाच देत नाही, त्याच्यापुढे रकाना कोरा ठेवणे न्याय्य आहे, की सध्याची मर्यादा कायम राहील असे धरून गणित पुढे न्यावे? कोणी असे टिपण पूर्वी केले असेल तर कोठे चुकले होते तेही कळवावे.