मदत हवी आहे : खोलीभाडे मर्यादेबाहेर गेले म्हणून विमा कंपनीने संपूर्ण बिलावर कात्री लावली

कृष्णाकाठ : आईची शस्त्रक्रिया मिरजेतील एका खासगी रुग्णालयात झाली. बिल ३,४०,००० रुपयांचे झाले. पॉलिसी ५ लाखांची आहे आणि हप्ता एकदाही चुकलेला नाही. तरीही कंपनीने २,१२,५०० रुपयेच मंजूर केले. पत्रात ‘खोलीभाडे मर्यादेपेक्षा अधिक असल्याने समप्रमाण कपात’ एवढेच कारण दिले आहे; म्हणजे भाडे ज्या प्रमाणात मर्यादेबाहेर गेले, त्याच प्रमाणात बाकीच्या खर्चालाही कात्री. भाड्यातील फरक आम्ही भरू, परंतु त्याचा शरीरात बसवलेल्या कृत्रिम भागाशी, म्हणजे इम्प्लांटशी, काय संबंध? ग्राहक कक्षाला फोन केला की तेच वाक्य वाचून दाखवतात. उरलेली रक्कम मिळवण्यासाठी कोणाकडे जावे, एवढेच सांगावे. विमा घ्यावा की घेऊ नये, ही चर्चा येथे नको.

घाटमाथा : भाड्याची मर्यादा किती होती, आपण घेतलेली खोली कितीची होती, बिलाची फोड काय आहे आणि दावा कॅशलेस होता की नंतर कागदपत्रे पाठवून केलेला, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्यावाचून कपात योग्य की अयोग्य हे कोण सांगणार?

सुपारीकातर : नको म्हटले असले तरी लिहितो. दरवर्षी जेवढा हप्ता जातो तेवढी रक्कम मुदत ठेवीत टाकली असती, तर आज कोणापुढे हात पसरावा लागला नसता. आमच्या घरी हाच शिरस्ता आहे.

निरगुडी : सुपारीकातर, मुदत ठेव पुरेशी वाढण्याआधीच आजारपण आले तर काय करायचे, हे आपण कधीच सांगत नाही. कृष्णाकाठ, शस्त्रक्रिया कशाची होती? झिजलेला सांधा बदलला असेल, तर पुष्कळ पॉलिसींमध्ये त्यासाठी वेगळा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ तो खर्च मिळत नाही.

कृष्णाकाठ : प्रतीक्षाकाळाचा प्रश्नच नाही, कंपनीनेही तो काढलेला नाही. आई घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, सांधा बदलावा लागला. पॉलिसी २०१६ पासूनची आहे. भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. त्या रात्री ८,००० रुपयांचीच खोली रिकामी होती. कॅशलेस मिळाले नाही; पैसे भरून नंतर दावा केला. फोड अशी : पाच दिवसांचे खोलीभाडे ४०,०००, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह १,३६,०००, इम्प्लांट ९५,०००, औषधे व साहित्य ५५,०००, तपासण्या १४,०००.

बिनपगारी : सत्तरीवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांचे संरक्षण मिळते. ते कार्ड का काढले नाही?

कृष्णाकाठ : आई ६८ वर्षांची आहे.

बिनपगारी : मग महात्मा फुले जनआरोग्य योजना होती की! शिधापत्रिका असेलच.

निरगुडी : ती योजना अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातच आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होते, शिवाय नोंदणी उपचार चालू असतानाच करावी लागते. पैसे भरून घरी आलेल्या रुग्णाला आता तिचा उपयोग नाही. मूळ प्रश्न कपातीचा आहे.

घाटमाथा : आता हिशेब लागतो. मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची, म्हणून कंपनीने ३,४०,००० ला सरसकट ५/८ ने गुणले आहे. त्याचेच २,१२,५०० होतात. येथे तिची चूक दिसते. विमा नियामकाने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे व साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर समप्रमाण कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या शुल्कावरही नाही. जुन्या पॉलिसींनाही हे बदल एप्रिल २०२१ पासूनच्या नूतनीकरणात लागू करायचे होते. म्हणून खोलीभाड्यातून १५,००० आणि डॉक्टर व शस्त्रक्रियागृहाच्या शुल्कातून ५१,०००, अशी ६६,००० ची कपात फार तर मान्य करता येईल. कंपनीने कापलेल्या १,२७,५०० मधून ते वजा जाता उरलेले ६१,५०० रुपये आपण मागितलेच पाहिजेत. हातमोजे, टोप्या यांसारख्या न देय वस्तू साहित्यात असतील, तर तेवढे पैसे त्यातूनही वजा होतील.

औदुंबर : माझे तालुक्याच्या गावी छोटे रुग्णालय आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तीच शस्त्रक्रिया, तेच हात, तरी स्वतंत्र खोलीतील रुग्णाकडून अधिक शुल्क घेतले जाते, कारण सर्वसाधारण कक्षातील रुग्णाचा न निघालेला खर्च तेथूनच भरून काढावा लागतो. सर्वांना एकच दर लावायचा, तर तो खालच्या पातळीवर कोणालाच परवडणार नाही. कंपन्यांना हे ठाऊक आहे, म्हणूनच त्या खोलीच्या दरावर बोट ठेवतात.

निरगुडी : डॉक्टर, गरिबाचा भार श्रीमंताने उचलणे एक वेळ समजू शकते, परंतु येथे तो भार खाट रिकामी नसल्यामुळे महाग खोलीत गेलेल्या माणसावर पडला आहे, आणि त्याने त्याच जोखमीसाठी वर्षानुवर्षे हप्ताही भरलेला आहे. शुल्क खोलीनुसार बदलते, हे दाखल होताना आपण तरी किती जणांना सांगता?

औदुंबर : दरपत्रक दर्शनी भागात लावलेले असते. राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार ते लावावेच लागते. रात्री अकरा वाजता मोडलेले हाड घेऊन आलेल्या नातेवाइकांना ते वाचायला लावणे मला जमत नाही, हे मात्र कबूल.

घाटमाथा : त्या दरपत्रकाचाच येथे उपयोग आहे. खोलीच्या वर्गानुसार ज्या खर्चाचा दर बदलत नाही, त्यावर समप्रमाण कपात करता येत नाही, असे त्याच सूचनांत म्हटले आहे. मिरजेच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे किंवा शस्त्रक्रियागृहाचे शुल्क सर्व वर्गांना सारखे असेल, तर त्या ५१,००० मधीलही काही भाग परत मागता येईल. रुग्णालयाकडून तसे लेखी घ्या.

सुपारीकातर : एवढी यातायात करण्यापेक्षा मुदत ठेव बरी, हेच मी म्हणत होतो.

निरगुडी : कोणाकडे जावे, हा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला घाटमाथा यांच्या आकडेमोडीसह लेखी तक्रार करून पोच घ्या. फोन करण्यात अर्थ नाही. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. आपल्या भागासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. शुल्क नाही आणि वकील चालत नाही, आपणच बोलायचे. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

कृष्णाकाठ : दरपत्रक मिळाले. शल्यविशारदांचे शुल्क वर्गानुसार बदलते. भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह यांचे दर सर्वांना सारखे आहेत. या दोन्हींचे मिळून ५६,००० रुपये आहेत, म्हणजे त्यावरील २१,००० ची कपातही चुकीची ठरते. एकूण मागणी ८२,५०० ची करतो. मंजूर रक्कम खात्यात जमा झाली आहे, पण ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ असे लिहिलेले एक पत्र सहीसाठी आले आहे. त्यावर सही करावी का?

घाटमाथा : तशीच सही करू नका. ‘रक्कम आक्षेपासह स्वीकारली, उर्वरित रकमेचा हक्क राखून ठेवला आहे’ असे हाताने लिहून मगच करा, आणि त्याची प्रत तक्रारीला जोडा.