मदत हवी आहे: शनिवार-रविवारी सवयीची खूणच हरवते

वजन कमी करण्याचा 12 आठवड्यांचा गट, 14 बायका. प्रत्येकीला एकच सवय: रात्री ओटा पुसला की (हीच चालायची आठवण करून देणारी खूण) चपला घालून 10 मिनिटं चालायचं, कॅलेंडरवर फुली मारायची. शुक्रवारपर्यंत छान. शनिवार-रविवारी बाहेर जेवण, ओटा पुसलाच जात नाही, म्हणजे खूणच गायब!

गजर लावून पाहिला, दोन दिवसांत बंद करतात. फुल्यांचे फोटो ग्रुपवर मागवले तर चुकलेल्या गप्प झाल्या (स्पर्धा नकोच). सवय मुरायला 21 दिवस नव्हे, लंडनच्या अभ्यासात सरासरी 66 लागले आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही सांगून झालंय.

दोघींचे गुडघे दुखतात, त्या घरातच चालतात. आहारतक्ता बदलायचा नाहीये.

सुट्टीला वेगळी खूण द्यावी, की सातही दिवस टिकणारी एकच, उदाहरणार्थ रात्रीची गोळी किंवा दात घासणं?