दक्षिण आशियातील लोकशाही : सत्तांतर मोजायचे की मतदारयादी?

धागाकर्ता
शेजारी देशांच्या लोकशाहीची तुलना करताना आपण संविधानातील कलमे ताडून पाहतो. माझ्या मते खरी कसोटी एकच आहे : हरलेले सरकार पायउतार होते का? पाकिस्तानात निवडून आलेल्या एका सरकारने मुदत पूर्ण करून निवडून आलेल्याच दुसऱ्या सरकारकडे कारभार सोपवला, हे प्रथम २०१३ मध्ये घडले. बांगलादेशाने मात्र १९९६ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने निवडणुकीपुरता कारभार निवृत्त सरन्यायाधीशांच्या नेतृत्वाखालील निष्पक्ष काळजीवाहू सरकारकडे देण्याची सोय केली आणि त्यानंतर १९९६ व २००१ अशा दोन्ही वेळी सत्ताधारी पक्ष बदलला. २०११ मध्ये ही तरतूद रद्द झाली. पुढे २०१४ च्या निवडणुकीत ३०० पैकी १५३ जागांवर दुसरा उमेदवारच नव्हता; म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारसंघांत शाईची बाटली उघडण्याची वेळच आली नाही. याला मी लोकशाहीची पीछेहाट म्हणतो.

प्रतिसाद १
असहमत. हीच कसोटी श्रीलंकेला लावून पाहा. तिथे १९३१ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही प्रौढ मताधिकार आहे आणि १९५६ ते १९७७ या काळात प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत सरकार बदलले, तेव्हा आपल्या मापाने तो देश अव्वल ठरावा. पण १९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे चहाच्या मळ्यांवर राबणारे लाखो तमिळ मजूर नागरिकत्वाला आणि पाठोपाठ मतालाही मुकले होते. १९५६ ची निवडणूक तर सिंहली हीच एकमेव राजभाषा करू, या आश्वासनावर जिंकली गेली. सत्तांतराच्या चुरशीनेच बहुसंख्याकांच्या अनुनयाला धार आली.

भूतानमध्येही २०१३, २०१८ आणि २०२४ अशा सलग तीन वेळा सरकार शांततेने बदलले. त्याच देशात १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानंतर दक्षिणेकडील नेपाळीभाषक कुटुंबांकडे १९५८ सालच्या वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. जमीन महसुलाची जुनी पावती घरात जपून ठेवलेली असली, तरी ती नेमकी त्याच वर्षाची हवी होती. पुढे एक लाखाच्या आसपास माणसे नेपाळमधील छावण्यांत जाऊन पडली. त्यांच्या दृष्टीने थिंफूमध्ये कोणता पक्ष आला आणि कोणता गेला, याला काय अर्थ उरतो?

धागाकर्ता
हे दुखणे मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. श्रीलंकेत १९८२ मध्ये संसदेची निवडणूक टाळून सार्वमताने तिचीच मुदत वाढवण्यात आली आणि पुढच्याच वर्षी देश वांशिक हिंसाचारात होरपळला. मळ्यांवरील तमिळांना १९८८ आणि २००३ च्या कायद्यांनी नागरिकत्व मिळाले, तेही निवडून आलेल्या संसदेनेच दिले. सत्ता बदलण्याची वाट उघडी असेल, तरच अशी चूक दुरुस्त होऊ शकते.

प्रतिसाद २
दुरुस्तीला चाळीस वर्षे लागली आणि तोवर एक पिढी मतदान न करताच संपली, हे हिशेबात धरावे. शिवाय आपण गौरवलेली बांगलादेशी व्यवस्थाही पोखरली गेलीच. २००४ मध्ये न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ केले गेले, तेव्हा काळजीवाहू सरकारचा प्रमुख सोयीचा मिळावा यासाठीच हे केल्याचा आरोप विरोधकांनी केला. ते भांडण रस्त्यावर आले आणि जानेवारी २००७ मध्ये आणीबाणी लागू होऊन निवडणूक जवळपास दोन वर्षे लांबली. म्हणून मी तुलनेची सुरुवात मतदारयादीपासून करेन : कोण आत आहे, कोणाला वगळले आणि कोणत्या कागदाच्या आधारे. सत्तांतराचा प्रश्न त्यानंतरचा.