पावडर लावलेलं बीफ

'कॉर्न्ड बीफमध्ये (म्हणजे खारवलेल्या गोमांसात) मका कुठे असतो?' हा कुणीतरी विचारलेला प्रश्न वाचून हसू आलं, कारण पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा मीही मकाच शोधला होता! तो 'कॉर्न' म्हणजे दाणा, मिठाचा खडा.

पण त्याचा एक भाऊबंद पार विस्मरणात गेलाय: 'पावडर'. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडात 'टु पावडर' म्हणजे मांसाला मीठ लावून ते टिकवणं. 'पावडर्ड बीफ' म्हणजे भुकटी नव्हे, खारवलेलं मांस. त्यासाठी 'पावडरिंग टब' असे, लाकडी पिंप. मांसाला मीठ चोळायचं, थर रचायचे आणि सुटलेल्या पाण्यातच मुरू द्यायचं. कैरीच्या फोडींना रात्री मीठ-हळद लावून ठेवलं की सकाळी पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं ना, तसंच. (गुप्तरोग्यांना घाम काढायला बसवत त्या पिंपालाही लोक चेष्टेनं हेच नाव देत. असो.)

आणि 'पिकल' तरी कुठे अस्सल इंग्रजी? ते डचांकडच्या 'पेकेल'वरून आलं, म्हणजे खारं पाणी. आपल्या लोणच्यातही लवणच दडलंय. मुरंबा मात्र अरबी.