अनुभव धागा : अभ्यासक्रम ठरवताना तुम्हाला कुणी विचारलं?

मे २०२४मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला, तेव्हा आमचे निम्मे शिक्षक गावी आणि उरलेले निवडणुकीच्या ड्युटीतून नुकतेच सुटलेले. मुंबईतल्या शिक्षकांनो, पुस्तकाला किंवा अभ्यासक्रमाला तुमचा हात कधी लागलाय का? एनईपीवर (नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणावर) भाषण नको, घडलेलं सांगा.

खडूवाली : पाठ्यपुस्तकाच्या समीक्षणासाठी पुण्याला गेले होते. मसुदा हातात, एकेक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि अडेल तिथे थांबायचं. एका स्वाध्यायात होतं, 'जवळच्या शेताला भेट द्या.' म्हटलं, आमच्या गोवंडीत जवळ शेत कुठलं? विदर्भातले एक सर म्हणाले, मॅडम, 'बाजार' करा, तो दोघांकडे आहे. झालं! एवढ्याशा शब्दावर पाऊण तास गेला, पण तो सत्कारणी लागला असं मला अजून वाटतं. आराखडा लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, वर्गात उभं राहणाऱ्याला दिसतं.

पाढे_पाठ : २०१९ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं, तेव्हा केवढा गदारोळ! गणिताच्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर, त्यांनाही लोकांनी सोडलं नाही. आमच्या वर्गात घरी हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं निम्मी. 'सत्तावीस' म्हटलं की आधी सात ऐकू येतो, म्हणून पाटीवर ७२. टीव्हीवर सगळे बोलले, दुसरीला शिकवणारी बाई काही कुठे दिसली नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही शिकवा, भांडता कशाला?

आठवा_तास : आम्हाला कोण विचारतंय? वह्यांचं ओझं कमी व्हावं म्हणून पुस्तकात कोरी पानं घातली. मुलांनी त्यावर स्पायडरमॅन काढले. चांगले काढले होते, ते सोडा.

सातमजली : महापालिकेच्या आमच्या इमारतीत मराठी, उर्दू आणि तमिळ माध्यम. खरा अभ्यासक्रम स्टाफरूममध्ये ठरतो. अपूर्णांक आधी की भूमिती, हे तिन्ही माध्यमांच्या बाया चहावर ठरवतात. कागदावर कुठेच नाही.

आठवा_तास : @खडूवाली, पुण्याला गेलात तेव्हा तुमच्या प्रॉक्सी (तुमच्या जागी घ्यायचे तास) कोणी घेतल्या?

खडूवाली : सहकाऱ्यांनी. आल्यावर एकेक फेडून घेतली.