पोळ्याचं तोरण टाळलं म्हणजे पवित्र झालो का?

वावरवाला (यवतमाळ जिल्हा)
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीत सध्या एकच विषय चालू आहे. विश्वासी म्हणजे ख्रिस्ती शेतकऱ्यानं पोळ्याला बैल तोरणाखाली न्यावे का नाही, सीतादहीला म्हणजे कापसाची वेचणी सुरू होताना मजूर बाया वावरात पूजा करतात तेव्हा तिथं थांबावं का नाही, शेजारच्या महालक्ष्म्याच्या जेवणाला जावं का नाही. उपासना संपल्यावर ह्याच्यावरच बोलत बसतात लोकं. माझं म्हणणं सरळ सांगतो, माणूस पवित्र जगून राहिला का नाही हे तोरणाजवळ नाही समजत, कापूस मोजायच्या काट्याजवळ समजते.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा 19 वा अध्याय काढा. सुरुवातीलाच देव म्हणतो मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा. आता त्याच्या खाली काय येते ते पाहा. पीक कापताना वावराचे कोपरे साफ करू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. आणि अध्याय संपता संपता, तराजू खरा ठेवा, वजनं खरी ठेवा. आपल्याकडे काय होते? बाई दिवसभर उन्हात वाकून वेचते, संध्याकाळी गाठोडं काट्याला लावते, अन् आपण वरचे पाव-अर्धा किलो बोलतच नाही, गाठोड्याच्या कापडाचे वेगळे कापतो, पैसे बाजाराच्या दिवशी देतो म्हणतो आणि बाजार आला की पुढच्या बाजारी. मग तोच कापूस विकायला नेताना सीसीआयवाले, म्हणजे सरकारी कापूस खरेदीवाले, 8 ते 12 टक्के ओलावा पाहतात म्हणून तिथं वाळवून नेतो आणि गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला आला की रात्री पाणी मारतो. हे करणारे आपल्याच मंडळीत आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही, पण एकानं बैलाची शिंगं रंगवली तर त्याच्या घरी तिघं जण समजवायला जातात. याचं मले खरंच दुःख होते.

जुना सभासद
भाऊ, तू अध्याय अर्धाच वाचला. त्याच लेवीय 19 मध्ये चौथ्या वचनात मूर्तींकडे वळू नका असं आहे, 26 मध्ये शकुन-मुहूर्त पाहू नका असं आहे. मजुरीचं वचन देवाचं आणि हे वचन कोणाचं? काट्याबद्दल तू जे बोलला ते शंभर टक्के कबूल, पण एक पाप दाखवून दुसरं लहान करू नको.

आमच्या आजोबांच्या पिढीनं बाप्तिस्मा घेतला तेव्हा विहिरीवर पाणी बंद झालं होतं, कोणी वावर बटईनं देत नव्हतं. त्यांनी ते सोसलं कारण त्यांना माहीत होतं आपण कशातून बाहेर आलो. आता नातू म्हणतात गावात संबंध खराब होतात, तोरणाखाली उभं राहिल्यानं काय होते. अशानंच हळूहळू सगळं जाते. दारूचंच पाहा ना. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली, पिणारे बंदीतही पीत होते आणि आता तर काही विचारूच नका. आमच्या ओळखीत एक घर आहे, बापानं विश्वासात आला त्या दिवशी सोडली ती सोडली, कायदा असो नसो. आज त्याच्या दोन्ही पोरी शिकल्या. वेगळं राहण्याची एक रेघ असते म्हणून घरं वाचतात. तुमच्या पिढीला रेघच नको.

मेळघाटची पोट्टी
काका, रेघ पाहिजे हे मले पण पटते, पण ती कुठं मारायची हाच तर प्रश्न आहे. बायबलातल्या दानीएलाचं उदाहरण तुम्ही नेहमी देता. त्यानं बाबेलच्या राजाचं अन्न नाकारलं हे खरं, पण बाबेलची भाषा शिकला, त्यांची विद्या शिकला, त्यांनी ठेवलेलं नाव चालवून घेतलं, त्यांच्याच सरकारात नोकरी केली. सगळं नाही नाकारलं त्यानं. काय नाकारायचं ते विचार करून ठरवलं आणि मग त्याच्यावरून हटला नाही.

आणि दुसरं म्हणजे आपण आजच्या जगात कसं जगायचं ते बोलून राहिलो ना? पोळा तर आजचा नाहीच, आपल्या पणजोबाच्या आधीचा आहे. आजचं जे आहे ते खिशात आहे. पोट्टे प्रार्थनेत बसल्या बसल्या रमी खेळतात मोबाईलवर, लोन ॲपचं कर्ज घरी माहीतच नसते, रात्री दोन वाजेपर्यंत काय पाहतात ते आईबापाला विचारायची हिंमत नाही. लग्नात हुंडा नाही म्हणतात आणि पोरीच्या बापाकडून फटफटी, फ्रिज, सोनं बरोबर येते, वर पास्टर आशीर्वाद देतात. तोरणाची एवढी चर्चा सोपी आहे म्हणून होते, कारण ते सगळ्या गावाला दिसते.

शेजारी
मी ख्रिश्चन नाही, पण आमच्या गावात एक घर आहे म्हणून लिहितो. ते पोळ्याला तोरणाखाली येत नाहीत. आधी लोकांना राग यायचा, आता नाही येत, कारण त्या दिवशी ते बैलाला अजिबात जुंपत नाहीत, धुतात, चांगलं खाऊ घालतात आणि आमचे बैल दारावर आले की बाहेर येऊन बोलतात, पोरांच्या हातावर पैसे ठेवतात. प्रसाद घेत नाहीत ते पण नीट सांगतात. आम्हाला राग येते तो वेगळ्या गोष्टीचा. कोणी तोंडावर म्हणते की तुमचा देव सैतान आहे, मग उद्या औत मागायला येते.

वावरवाला
शेजारी दादा, तुम्ही लिहिलं ते मले फार आवडलं. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 5 व्या अध्यायात, शब्बाथाच्या म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत बैलाचं नाव घेऊन सांगितलं आहे, त्यालाही विसावा द्या. म्हणजे बैलाला एक दिवस सुट्टी देणं हे आपल्याही शास्त्रात आहे, त्यासाठी तोरणाखाली जावं लागत नाही आणि शेजाऱ्याला तोडावंही लागत नाही.

काका, जेवणाचंही पाहा. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 1 करिंथ 10 मध्ये सांगतो, अविश्वासी माणसानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. कोणी सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे तर मात्र खाऊ नका. म्हणजे जायला बंदी नाही.

जुना सभासद
महालक्ष्म्याचं जेवण अर्पण केलेलं आहे हे सांगायला कोणी लागते का? सगळ्या गावाला माहीत आहे. त्याच अध्यायात जरा वर वाच, प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला दोन्ही पिता येत नाहीत. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 2 मध्ये पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना ह्याच कारणावरून दोष दिला आहे. लग्नाला, मयतीला, आजारपणाला मी सगळ्यात आधी जातो. नैवेद्याच्या पंगतीत बसणार नाही. आणि ते मी शेजारी दादांच्या गावातल्या घरासारखंच हात जोडून सांगतो, शिव्या देऊन नाही.

बीएड झालेला
विषय थोडा बाजूला जाईल पण राहवत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. शीख बांधवांना 1956 ला मिळाल्या, बौद्धांना 1990 ला, आपल्याला नाही. म्हणून कितीतरी घरं कागदावर एक धर्म लिहितात आणि रविवारी उपासनेला येतात. मी कोणाला नावं ठेवत नाही, पोटाचा प्रश्न आहे आणि तो नियम मला स्वतःला अन्यायाचा वाटतो. पण जो पास्टर पोळ्यावर तासभर बोलतो तो ह्याच्यावर पाच मिनिटं पण बोलत नाही. खरं लिहिलं तर नोकरी जाते, खोटं लिहिलं तर मन खाते. मी खरं लिहिलं आणि अजून तासिकेवर शिकवतो. मंडळीतून ह्याच्यावर एक शब्द ऐकायला मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

जुना सभासद
बाळा, ह्यावर मी तुले काय शिकवू. तू जे केलं त्याले हिंमत लागते. तुझ्यासाठी मंडळीनं उभं राहायला पाहिजे होतं.

वेचणारी
मी वेचाईले जाते, माझा पोरगा टाइप करून राहिला. मी पण विश्वासी आणि ज्यांच्या वावरात जाते ते पण विश्वासी. त्यांच्या घरी दर बुधवारी प्रार्थना असते, मी चटईवर बसते. दिवाळीच्या आधीची मजुरी नाताळ झाला तरी बाकी होती. प्रार्थनेच्या दिवशी पैसे कसे मागावं म्हणून लाज वाटे, दुसऱ्या दिवशी गेलं तर मालक घरी नसत. दुसरीकडं वेचते तिथले मालक देवीचे भगत आहेत, ते रोज संध्याकाळी मोजून देतात. माझा पोरगा विचारते आई यातलं पवित्र कोण, तर मी त्याले काय सांगू? प्रभू माझा आहे, मी त्याले सोडणार नाही, पण पोराले उत्तर पाहिजे.

जुना सभासद
बाई, हे वाचून झोप नाही येणार मले. तोरणाबद्दल माझं मत तेच आहे, बदलणार नाही. पण वावरवाल्या, येत्या रविवारी उपासनेनंतर तू हा मजुरीचा विषय काढ. ज्यांच्याकडं मजूर लावतात अशी नऊ-दहा घरं आहेत आपली. प्रभुभोजनाच्या आधी ज्याचं देणं बाकी आहे त्यानं ते चुकतं करून यावं, एवढंच मांडू. लोक चिडतील.

वावरवाला
मांडतो काका. पण तुम्ही शेजारी बसा माझ्या, माझं एकट्याचं कोणी ऐकणार नाही. आणि पहिलं नाव माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं आहे.